सिस्टरना विचारा: निळं पडणारं बाळ आणि घरातली चार माणसं

पत्र पहिलं

नमस्कार सिस्टर. मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहते. पत्र शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून लिहून घेतलंय. माझा नातू चार महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हा रंगानं चांगला होता. तिसऱ्या डोसाला नेलं तेव्हा डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि बेळगावला पाठवलं. तिथं एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. टेट्रालॉजी ऑफ फॅलो म्हणून आजार आहे, हृदयात चार दोष आहेत म्हणाले. ऑपरेशन सहा महिने झाल्यावर करू म्हणाले. एक औषध दिलंय आणि बाळाला रडू देऊ नका म्हणून सांगितलंय.

गेल्या आठवड्यात सकाळी शी करताना बाळ जोरात रडलं. ओठ, जीभ, नखं सगळं जांभळाच्या रंगाचं झालं, धाप लागली आणि मग मान टाकली. सून ओरडत बाहेर पळाली. मी तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळानं आपोआप बरं झालं म्हणून परत डॉक्टरकडं नेलं नाही. मुलगा गोव्यात कामाला आहे. घरात मी, मालक, सून आणि धाकटा मुलगा. सून बाळाला खाली ठेवतच नाही, रात्रभर त्याच्याकडं बघत बसते. जाऊबाई म्हणतात, ग्रहणात हिनं विळी हातात धरली. भावकीतले म्हणतात, एवढ्याशा जिवाला कापायचं कशाला, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोला.

परत तसं झालं तर काय करायचं? अंघोळ, बाळगुटी, धुरी चालते काय? ऑपरेशन करायचंच तर थांबायचं कशाला? आणि पैशाचं कसं? सांगा की ओ.

— एक आज्जी

उत्तर

अक्का, मासिक छापून तुमच्या हातात पडायला वेळ लागतो, म्हणून पत्रावरच्या नंबरवर फोन करून पहिली गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगितली आहे. बाकीच्या वाचकांसाठी ती इथं परत लिहिते. असा निळं पडण्याचा झटका एकदा जरी आला, आणि आपोआप थांबला तरी, त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायचा. ‘सहा महिन्यांनंतर बघू’ हे झटका यायच्या आधीचं बोलणं होतं. झटका आला की हिशेब बदलतो. औषधाचा डोस वाढवतात, कधी ऑपरेशनच अलीकडं ओढतात.

आता परत तसं झालं तर काय करायचं ते. बाळाला उचला, त्याची पाठ हातावर घ्या आणि दोन्ही गुडघे दुमडून त्याच्याच छातीला लागतील असे धरा. नाहीतर खांद्याशी उभं घेऊन गुडघे वर दुमडून त्याला आपल्या छातीशी दाबून धरा. दोन्ही चालतं. पोट गच्च आवळलेलं असेल तर कपडा सैल करा. हळू आवाजात बोला, थोपटा. पाणी मारायचं नाही, गदागदा हलवायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही, तोंडात दूध किंवा पाणी घालायचं नाही. काही मिनिटांत रंग परत आला नाही, बाळ ढिलं पडलं, डोळे फिरवले, आकडी आली किंवा ते उठेनासं झालं, तर 108 ला फोन लावा किंवा दारात जी गाडी असेल ती काढा. गाडीतही गुडघे तसेच धरून ठेवायचे.

हे काम का करतं ते समजलं की हात थरथरत नाहीत. तुम्हाला पाटाचं पाणी ठाऊक आहे. या बाळाच्या हृदयातून फुप्फुसाकडं जाणारा पाट तोंडाशीच अरुंद आहे. आणि उजव्या-डाव्या कप्प्यांमधल्या भिंतीला मोठं भोक आहे. रडल्यावर किंवा जोर केल्यावर तो अरुंद पाट आणखी आवळतो. मग रक्त फुप्फुसात न जाता भोकातून सरळ पलीकडं, अंगात उतरतं. म्हणजे प्राणवायू न घेतलेलं निळं रक्त सगळीकडं फिरतं. पाय दुमडले की पायांकडचा रस्ता दाबला जातो, खाली तुंबा बसतो आणि रक्ताला परत फुप्फुसाकडं वळावं लागतं. आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ऑपरेशन न झालेली मोठी मुलं वॉर्डात यायची. खेळता खेळता ती आपणहून उकिडवी बसायची. त्यांना कुणी शिकवलेलं नसायचं.

हे झटके सकाळी, उठल्या उठल्या, शी करताना, दूध पिताना जास्त येतात. ताप आला, जुलाब झाले, उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं, की लवकर येतात.

आता माझं तुम्हाला एक सांगणं आहे आणि ते थोडं कडक आहे. गुडघे कसे दुमडायचे हे घरातल्या चौघांनाही आलं पाहिजे. मालकांना, धाकट्याला, सगळ्यांना. बाळ छान खेळत असताना एकेकानं त्याला तसं धरून बघायचं. ‘बाळ म्हणजे बायकांचं काम’ म्हणून मालक ओट्यावर बसून राहत असतील, तर त्यांना माझं नाव सांगा. सून रात्रभर जागी राहिली तर चार दिवसांनी तिचं दूध कमी होईल, आणि ऐन वेळी तिलाच सुचणार नाही. पहिल्या झोपेला ती, पहाटेला तुम्ही, अशी पाळी लावा. चार ते सहा तुम्हाला तशीही झोप नसते. मुलगा गोव्यातून येईल तेव्हा एका रात्रीची पाळी त्याची.

‘रडू देऊ नका’ हे वाक्य आम्ही दवाखान्यात फार सहज बोलून जातो आणि घरी त्याची दहशत बसते. बाळ रडणारच. कुरकुरलं, भूक लागली म्हणून दोन मिनिटं रडलं, त्यानं काही होत नाही. भूक लागून आकांत करेपर्यंत थांबवू नका, रडून रडून निळं होईपर्यंत खाली ठेवू नका, एवढाच त्याचा अर्थ. सुनेला सांगा, बाळ गादीवर पाय मारत खेळत असेल तर त्याला खेळू दे.

अंघोळ रोज घाला, पण थोडक्यात. न्हाऊ घालणारी बाई बाळाला पायांवर पालथं टाकून तांब्यामागून तांब्या ओतते, नाकडोळे दाबते, पाय धरून उलटं झुलवते. यातलं काही नको. मालीश हलक्या हातानं चालेल. दार लावा, कोमट पाणी घ्या, अंग पुसून लगेच गुंडाळा. अंघोळ उपाशीपोटी नको आणि भरल्या पोटीही नको. धुरी बंद. शेगडीवर ओवा टाकून बाळाला त्या धुरात धरायचं म्हणजे ज्याला आधीच प्राणवायू कमी पडतो त्याच्या नाकाशी धूर न्यायचा. चूल त्याच खोलीत असेल तर पाळणा दुसरीकडं हलवा. बाळगुटी नको, मध तर वर्षभर चाटवायचाच नाही. कान टोचायचे आहेत? ऑपरेशन होऊन डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत थांबा. टोचलेल्या जागेतून जंतू रक्तात जाऊन हृदयाला चिकटण्याची भीती या मुलांना जास्त. लसीचा डोस मात्र एकही चुकवायचा नाही. हृदय नाजूक म्हणून सुई टाळणारे लोक मी बघितले आहेत. या बाळाला गोवर किंवा न्यूमोनिया होणं परवडणारं नाही.

दूध आईचंच. थोडं थोडं, पण वरचेवर. ओढून दमत असेल तर दूध काढून बोंडल्यानं पाजा. सहा महिने भरले की नाचणीचं सत्त्व आणि तूप घातलेला मऊ भात डॉक्टरांना विचारून सुरू करा. नाचणी तुमच्या तालुक्यात घरची असते, बाजारातला डबा आणायची गरज नाही. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर, अंगणवाडीत, कपडे काढून करा आणि तायी कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या नोंदीच्या सरकारी कार्डावर, तारीख घालून लिहून घ्या. ऑपरेशनचा दिवस ठरवताना सर्जन तो आकडा बघतात.

औषधाबद्दल. तुम्ही फोनवर नाव वाचून दाखवलंत ते प्रोप्रानोलोल आहे. त्यानं तो अरुंद पाट आवळायचा कमी होतो. मिलिलिटरच्या खुणा असलेल्या सिरिंजनंच द्या. ‘अर्धा चमचा’ म्हणजे कुठला चमचा? प्रत्येक घरात वेगळा. वेळ चुकवू नका. मात्र बाळ दूध पीत नसेल, सारखं उलट्या करत असेल, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. उपाशी पोटी या औषधानं रक्तातली साखर उतरू शकते.

एका गोष्टीवर मात्र घरोघरी गोंधळ होतो, म्हणून ती जरा सावकाश सांगते. रक्ताच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन 12 आलं की घरचे म्हणतात, चांगलंय की, मग लोहाचे थेंब कशाला? निळ्या बाळाचं शरीर प्राणवायूची तूट भरून काढायला जास्त तांबड्या पेशी तयार करतं. म्हणून त्याचं हिमोग्लोबिन इतर मुलांपेक्षा वर असायला हवं. दुसऱ्या बाळाला जे 12 पुरतं, ते याला कमी पडतं. लोह कमी पडलं की झटके वाढतात. डॉक्टरांनी लोह लिहून दिलं असेल तर रिपोर्ट बघून आपल्या मनानं बंद करू नका. आणि याच्या उलट बाजूला, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं तर हे आधीच दाट असलेलं रक्त आणखी दाट होतं, गाठ होऊन मेंदूकडं जाऊ शकते. म्हणून या बाळाचे जुलाब ‘दात येताहेत’ म्हणून अंगावर काढायचे नाहीत. ओआरएस सुरू करून त्याच दिवशी दवाखाना.

थांबायचं कशाला, हे तुम्ही विचारलंत आणि बरोबर विचारलंत. पूर्ण दुरुस्तीत भोक बुजवतात आणि फुप्फुसाकडचा रस्ता मोकळा करतात. त्यासाठी हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवावं लागतं. थोडं वाढलेलं बाळ हे चांगलं सोसतं, शिवाय फुप्फुसाच्या रक्तवाहिन्याही जरा मोठ्या झालेल्या असतात. बाळ स्थिर असेल तर बहुतेक ठिकाणी सहा महिने ते वर्षाच्या आत ऑपरेशन करतात. झटके येत असतील तर आधी. फारच लहान असेल तर आधी एक छोटं ऑपरेशन करून हाताकडं जाणाऱ्या धमनीतून फुप्फुसाच्या धमनीला बारीक नळी जोडून देतात आणि पूर्ण दुरुस्ती नंतर करतात.

तसलं पहिलं ऑपरेशन 29 नोव्हेंबर 1944 ला अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात झालं. मुलगी सव्वा वर्षाची होती. कल्पना डॉक्टर हेलन टॉसिग यांची, सुरी आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या हातात. आणि त्यांच्या मागं स्टुलावर उभा राहून टाके कसे घालायचे ते सांगणारा माणूस होता व्हिव्हियन थॉमस. डॉक्टरकीची पदवी नसलेला, प्रयोगशाळेतला कृष्णवर्णीय मदतनीस. कुत्र्यांवर ते ऑपरेशन त्यानंच बसवलं होतं. भावकीतले ‘लहान जिवाला कापायचं कशाला’ म्हणतात तेव्हा त्यांना हे सांगा. पूर्ण दुरुस्ती 1954 पासून होते आहे. ऑपरेशन झालेली बहुतेक मुलं शाळेत जातात, मोठी होतात, त्यांची लग्नं होतात. तपासणी मात्र जन्मभर. फुप्फुसाकडची झडप पुढं गळू शकते आणि काहींना मोठेपणी परत काम करावं लागतं. हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

ग्रहणाचं. बाळाचं हृदय गर्भ राहिल्यापासून पहिल्या आठेक आठवड्यांत घडतं. तेव्हा कित्येक बायकांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. विळीनं भाजी चिरल्यानं हृदयाला भोक पडत नाही. आपल्या देशात दर हजार जन्मांत साधारण 8 ते 10 बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. गरोदरपणी सुरुवातीला रुबेला होणं, आईची साखर ताब्यात नसणं, काही औषधं, गुणसूत्रातला दोष, अशी काही कारणं सापडतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न सर्रास होतं, नात्यातल्या लग्नात काही दोषांचा धोका वाढतो हेही खरं. पण तुमच्याकडं तसं असलं तरी ते लग्न ठरवलं कुणी? सुनेनं नव्हे. जाऊबाईंना एवढंच म्हणा की पहाटेची एक पाळी तुम्ही घ्या. पुढच्या बाळंतपणात मात्र पाचव्या महिन्याच्या आसपास पोटातल्या बाळाचा हृदयाचा एको जरूर करून घ्या.

नवस बोला. मी आड येणार नाही, मीही यल्लम्माच्या डोंगरावर जाते. पण नवस फेडायला बाळाला आत्ता जत्रेच्या गर्दीत नेऊ नका. ऑपरेशन होऊन जखम भरली की सगळे मिळून जा.

पैसे. तुमचं बीपीएल रेशनकार्ड आहे म्हणालात. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत अशा कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यासाठी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, जन्मजात हृदयरोग त्यात येतो. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईला सांगून बाळाचं नाव त्या कार्यक्रमाच्या तपासणी पथकाकडं द्या आणि जिल्हा रुग्णालयात नोंद करून घ्या. बाळाचा जन्मदाखला काढून रेशनकार्डात नाव घालण्याचा अर्ज याच आठवड्यात टाका. ऐन वेळी ऑपरेशनपेक्षा त्या कागदालाच जास्त दिवस लागतात. हॉस्पिटलात योजनेचा ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला गाठा. तिथले कागद कन्नडमध्ये येतील. धाकट्याला कन्नड वाचता येतं ना? मग कागदाचं काम त्याचं.

महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना आपली महात्मा फुले आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, त्यावरून दोन्ही सरकारांत वाद झाला. त्याची मदत मिळाली तर घ्या. पण तिच्यावर विसंबून इथला अर्ज थांबवू नका. सीमेचा खटला लांबला तर चालतो, बाळाचं ऑपरेशन नाही. बंगळूरला हृदयरोगासाठी सरकारी जयदेव संस्था आहे, व्हाइटफील्डला सत्य साई संस्थेत हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. आधी बेळगावच्या तुमच्या डॉक्टरांनाच विचारा की तान्ह्या बाळांची ऑपरेशनं आणि त्यांचा आयसीयू जवळात जवळ कुठं आहे. रेल्वेनं रात्रीचा प्रवास असला तर दूध पाजण्याच्या वेळा चुकवू नका आणि एकोचा रिपोर्ट पिशवीत तळाशी नको, वर ठेवा.

पावसात तुमच्याकडं रेंज जाते हे मला ठाऊक आहे. तेव्हा गावात कुणाची गाडी रात्री निघू शकते, ते आत्ता बोलून ठेवा.

पत्र दुसरं

सिस्टर, निपाणीहून लिहितोय. आमची मुलगी अडीच महिन्यांची. रंगानं गोरी-गुलाबी, निळी कधीच नाही. पण दूध पिताना कपाळाला घाम फुटतो, उशी भिजते, मध्येच सोडून धापा टाकते. जन्माला 2.8 किलो होती, आता 3.4. डॉक्टरांनी व्हीएसडी, म्हणजे हृदयातल्या कप्प्यांमधल्या भिंतीला भोक आहे आणि ते मोठं आहे, असं सांगितलंय. लघवी होण्याचं औषध दिलंय. ऑफिसातले म्हणतात, भोक आपोआप बुजतं. औषध दुधाच्या बाटलीत घालून दिलं तर चालेल का?

उत्तर

दादा, लहान भोकं बुजतात हे खरं, आणि ऑफिसात ज्यांच्या घरी लहान भोक होतं तेच बोलतात. तुमच्या मुलीचं मोठं आहे. जन्मल्यावर काही आठवड्यांत फुप्फुसातला दाब उतरतो आणि भोकातून फुप्फुसात जरुरीपेक्षा फार जास्त रक्त जाऊ लागतं. म्हणून पहिला महिना बरा गेला आणि आता त्रास सुरू झाला. घाम म्हणजे तिची मेहनत. दूध पिणं हा तिचा व्यायाम झालाय, कमावलेलं तिथंच खर्च होतं आणि वजन चढत नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली की ती पुढं ढकलू नका. फार उशीर झाला तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या कडक होतात, आणि मग भोक बुजवण्याची वेळ निघून गेलेली असते.

पाजणं वीस-पंचवीस मिनिटांच्या वर ताणू नका. उरलेलं काढलेलं दूध बोंडल्यानं द्या, दर दोन-तीन तासांनी. तरीही वजन वाढलं नाही तर डॉक्टर काही दिवस नाकातून नळी घालतील, दुधात ताकद वाढवायला काही मिसळायला सांगतील. ते त्यांच्याच मापानं. नळी बघून नातेवाईक हळहळतील, त्यांना चहा द्या आणि विषय बदला. वरचं पाणी नको, डब्याचं दूध पातळ करणं नको.

रोज एकदा ती गाढ झोपलेली असताना पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजून वहीत लिहा. दोन महिन्यांवरच्या बाळाला मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त म्हणजे वेगवान श्वास. तुमच्या मुलीचा आकडा नेहमीच थोडा वर असेल, म्हणून तिचा नेहमीचा किती ते डॉक्टरांना दाखवून ठेवा. तो वाढला, फासळ्या आत ओढू लागल्या, हातपाय गार पडले, निम्म्याहून कमी दूध पिऊ लागली, तर सकाळची वाट बघायची नाही.

औषध बाटलीत घालू नका. ती दूध मध्येच सोडते हे तुम्हीच लिहिलंय. मग उरलेल्या दुधाबरोबर किती औषध राहिलं ते कुणालाच कळणार नाही. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावून थोडं थोडं सोडा, गिळू द्या, मग पाजायला घ्या. लगेच उलटी झाली तर आपल्या मनानं दुसरा डोस देऊ नका, फोन करून विचारा.